चर्चच्या चित्राखालची कापलेली ओळ

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत इंग्लंडच्या ग्रामीण भागातील प्रवासावर जो लेख प्रसिद्ध झाला, त्याच्या माथ्यावर तीन स्तंभांच्या रुंदीत एका जुन्या चर्चच्या दर्शनी भिंतीचे चित्र छापले होते आणि त्याखाली ‘इंग्लंडमधील एका खेड्यातील चर्चचे जुने रेखाचित्र’ एवढीच ओळ होती. लेख वाचनीय होता, त्याविषयी माझे काहीच म्हणणे नाही. माझी तक्रार आहे ती त्या ओळीविषयी, आणि चित्राच्या चारही कडा ज्या सफाईने कापल्या गेल्या त्याविषयी. ते रेखाचित्र नाही. ते एचिंग आहे, म्हणजे आपल्याकडे ज्याला अम्लरेखन असा शब्द योजला गेला आहे त्या पद्धतीने तांब्याच्या पत्र्यावरून छापलेले चित्र. ते चर्च नॉरफक परगण्यातील कॅसल रायझिंग या गावचे, सेंट लॉरेन्सच्या नावाचे आहे, आणि ते चित्र जॉन सेल कॉटमन या चित्रकाराने केलेले आहे. गावाचे आणि चित्रकाराचे नाव मूळ चित्राच्या खालच्या कडेला छापलेले असते. आपल्याकडे पान लावताना नेमकी तीच कड गेली, आणि मग जे कापले गेले त्याची उणीव भरून काढायला ‘एका खेड्यातील’ हे शब्द वापरावे लागले, असे मला दिसते.

मी हे इतक्या ठामपणे लिहितो आहे याचे एक कारण असे की, मी तीस वर्षे एका कला महाविद्यालयात मुद्राचित्रण शिकवले आणि ॲसिडच्या वासात नोकरी पुरी केली. दुसरे कारण अधिक साधे आहे: याच चित्राची एक छापील प्रत माझ्या बैठकीच्या खोलीत टांगलेली आहे. काही वर्षांपूर्वी मुलीकडे नॉरिच शहरात मुक्काम असताना जुन्या पुस्तकांच्या एका दुकानात मोडलेल्या ग्रंथांची सुटी पाने एका खोक्यात उभी करून ठेवलेली दिसली, त्यांत ती मिळाली. जुन्या ग्रंथाची शिवण उसवून पाने एकेक करून विकणे हा प्रकार मला पाप वाटतो, तरीही दुकानातून बाहेर पडताना माझ्या काखेत एक पान होते, हे कबूल केलेले बरे.

कुणी म्हणेल, रेषांनी काढलेले चित्र आहे, मग रेखाचित्र म्हटले तर बिघडले काय? बिघडते असे की, रेखाचित्र एकच असते आणि ते कागदावर हाताने काढलेले असते. एचिंग करणाऱ्याचा हात कागदाला लागतो तो फक्त तो ओला करून प्रेसवर ठेवताना. पत्रा आधी घासून आरशासारखा करायचा, त्याच्या कडा कानशीने तिरप्या करायच्या, म्हणजे प्रेसमधून जाताना कागद फाटत नाही. मग त्यावर मेण, राळ आणि डांबर यांचे मिश्रण पातळ पसरायचे, पत्रा उलटा धरून खालून मेणबत्तीचा धूर द्यायचा, म्हणजे तो थर काळा होतो आणि सुईने काढलेली रेष त्यावर तांबूस चमकते. सुई तांब्याला कापत नाही. ती फक्त मेण बाजूला सारते. तांबे खाण्याचे काम नंतर ॲसिडचे. पत्रा ॲसिडमध्ये बुडाला की उघड्या पडलेल्या प्रत्येक रेषेवर बारीक बुडबुडे धरतात आणि ते पक्ष्याच्या पिसाने हलकेच सारावे लागतात. हे करायला विसरलेल्या विद्यार्थ्याची रेष छापल्यावर मुंग्यांच्या रांगेसारखी तुटक येते, आणि दर वर्षी एक तरी विद्यार्थी विसरतोच. फिक्या हव्यात त्या रेषा थोड्या मिनिटांनी व्हार्निश लावून बंद करायच्या, गडद हव्यात त्या आणखी बुडवायच्या. म्हणून एचिंगमधल्या अंधाराचे माप मिनिटांत सांगता येते. पेन्सिल जोरात दाबून तो अंधार येत नाही.

यानंतर पत्र्यावर शाई थापायची, जाळीदार कापडाने पुसून काढायची, शेवटी तळहाताने पृष्ठभाग साफ करायचा, म्हणजे शाई राहते ती फक्त खोलगट रेषांत. त्यावर भिजवलेला जाड कागद, वर लोकरी ब्लँकेट, आणि मग दोन रुळांमधून ते सगळे दाबून काढायचे. कागद दाबाने रेषेच्या खाचेत उतरतो आणि तिथली शाई घेऊन वर येतो. मराठी वाचकाला छपाईच्या आणखी दोन तऱ्हा ओळखीच्या आहेत. कापडावर उठवायच्या लाकडी ठशात शाई उंचवट्यावर असते. जुन्या शिळाप्रेसवरच्या पोथ्यांत ती दगडाच्या सपाट पृष्ठभागावर असते, आणि आपले वृत्तपत्र ज्या ऑफसेट यंत्रावर निघते त्याचे तत्त्वही तेच. एचिंगमध्ये मात्र शाई खड्ड्यात असते. म्हणून चांगल्या एचिंगवरून डोळे मिटून बोट फिरवले तर शाई किंचित उंच लागते, आणि चित्राभोवती पत्र्याच्या कडांचा चौकोनी दाब उमटलेला असतो. आम्ही त्याला प्लेट मार्क म्हणतो. खरे एचिंग की त्याची छापील नक्कल, हे सांगणारी पहिली खूण तीच, आणि आपण ती कापून टाकली. वर, जुनेपणा यावा म्हणून की काय, मूळ काळ्या शाईला तपकिरी छटाही दिली. ती छटा जुन्या फोटोंची असते. कॉटमनने हा पत्रा केला तेव्हा फोटो अस्तित्वातच नव्हता.

आता चित्राकडे वळतो, कारण वाचकांनी ते पाहिले आहे आणि ते पाहण्यासारखेही आहे. कॅसल रायझिंग हे किंग्ज लिन या जुन्या बंदराच्या गावापासून जवळ असलेले लहानसे खेडे. तिथे बाराव्या शतकातला एक भक्कम किल्ला आहे आणि त्याच्याच काळातले हे चर्च. चित्रात दिसते ती त्याची पश्चिमेकडची भिंत. खाली दाराच्या अर्धवर्तुळाकार कमानी एकीत एक बसवलेल्या, त्यांवर नागमोडी नक्षीचे दात. वर खिडकीच्या दोन्ही बाजूंना एकमेकींत गुंफलेल्या बंद कमानींची रांग, म्हणजे भिंतीवर नुसत्या शोभेसाठी उठवलेल्या. इंग्लंडमध्ये या शैलीला नॉर्मन म्हणतात. भिंग घेऊन पाहिले तर कॉटमनने या भिंतीशी काय केले ते कळते. दाराच्या आतल्या अंधारात रेषा इतक्या दाट आणि खोल आहेत की मधला कागद जवळजवळ दिसत नाही. उन्हातल्या दगडावर मात्र रेष मध्येच सोडून दिली आहे, आणि ती जिथे सुटते तिथे झिजलेला दगड दिसू लागतो. नक्षीचा प्रत्येक दात त्याने मोजून काढलेला नाही. चार दात नीट काढले, पुढचे दोन सुचवले, पुढे पावसाने खाल्लेला भाग तसाच ठेवला. दगड कुठे शाबूत आहे आणि कुठे ढासळला आहे हे सांगण्यासाठी त्याने रंगाचा एक थेंबही वापरलेला नाही. त्या काळात वास्तूंची चित्रे काढणारे बहुतेक जण पट्टीने आखल्यासारखी करकरीत चित्रे करत. कॉटमनला अठराव्या शतकातल्या पिरानेसी या इटालियन एचिंगकाराच्या, रोममधल्या भग्न इमारतींच्या एचिंगांचे वेड होते, आणि ते या खेडेगावच्या भिंतीवरही दिसते.

हा माणूस मुळात जलरंगाचा. १७८२ साली नॉरिचमध्ये जन्मला, सोळा-सतरा वर्षांचा असताना लंडनला गेला, यॉर्कशरमधल्या ग्रेटा नदीकाठी त्याने १८०५ मध्ये केलेली जलरंगातली चित्रे आज इंग्रजी कलेतली उत्तम चित्रे मानली जातात. पण त्या वेळी त्याला कुणी फारसे विचारले नाही. तो नॉरिचला परतला, तिथल्या चित्रकारांच्या मंडळात सामील झाला, शिकवण्या करू लागला आणि एचिंगकडे वळला. त्यामागे कलेइतकाच पोटाचा हिशेब होता: जलरंगातले चित्र एकदाच विकले जाते, पत्र्यावरून मात्र शेकडो प्रती निघतात आणि वर्गणीदार आधी गाठता येतात. पहिला संच १८११ मध्ये निघाला. १८१२ मध्ये तो ग्रेट यारमथला राहायला गेला, कारण तिथला डॉसन टर्नर नावाचा सावकार, वनस्पतींचा आणि जुन्या वस्तूंचा अभ्यासक, त्याचा आश्रयदाता झाला होता. टर्नरच्या बायकोला आणि मुलींना चित्रकला शिकवणे हा त्या आश्रयाचा मोबदला, आणि त्या घरातल्या बायका स्वतःही उत्तम एचिंग करू लागल्या, हे मला विशेष वाटते. नॉरफकमधल्या प्राचीन वास्तूंचा साठ पत्र्यांचा त्याचा संग्रह १८१८ मध्ये पुरा झाला. आपण छापलेले चित्र त्या कामातले. तो समुद्र ओलांडून फ्रान्समधल्या नॉर्मंडीला तीनदा गेला आणि १८२२ मध्ये तिकडच्या वास्तूंचे शंभर पत्रे निघाले. एवढे करूनही पैशाची चणचण आणि मनाची उदासी त्याला सुटली नाही. १८३४ पासून लंडनच्या एका शाळेत चित्रकला शिकवत तो जगला आणि १८४२ मध्ये वारला.

त्याचे पत्रे पुढे हेन्री बोन या लंडनच्या प्रकाशकाने घेतले आणि १८३८ मध्ये दोन खंडांत दोनशेहून अधिक चित्रे पुन्हा छापली. त्या खंडांत वास्तुशैलीविषयीचे शेरे टॉमस रिकमनचे आहेत. नॉर्मन, अर्ली इंग्लिश, डेकोरेटेड आणि पर्पेंडिक्युलर हे जे शब्द आज इंग्लंडमधल्या कुठल्याही चर्चच्या दाराशी ठेवलेल्या माहितीपत्रकात असतात, ते १८१७ मध्ये रूढ करणारा हाच. माझे पान याच दुसऱ्या छपाईचे असावे असे मला वाटते, कारण रेषा थोड्या थकलेल्या आहेत. तांबे मऊ असते; प्रत्येक छाप्यासरशी पुसताना आणि दाबताना ते झिजते, बारीक रेषा आधी जातात. त्यामुळे एकाच पत्र्याची पहिली प्रत आणि पाचशेवी प्रत यांत फरक असतो. आपल्याकडे वापरलेली प्रतिमा कुठल्यातरी उशिराच्या, फिक्या प्रतीवरून आली असावी आणि म्हणूनच ती पेन्सिलने काढल्यासारखी वाटली असावी, एवढा संशयाचा फायदा मी आपल्या चित्रविभागाला देतो.

पण केवळ शब्दशुद्धीसाठी मी एवढे लांब पत्र लिहिले नसते. मुद्दा असा आहे की, ग्रामीण इंग्रजी चर्चचे एचिंग पाहताना ते कोणी, केव्हा आणि कशासाठी केले हे सांगितले नाही तर त्या चित्रातून वाचकाला चुकीची माहिती जाते. कॅसल रायझिंगचेच पाहा. आज तिथे जाणाऱ्याला चर्चच्या मधल्या मनोऱ्यावर उंच, दोन्ही बाजूंना उतरते छप्पर दिसते. ते छप्पर एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर झालेल्या जीर्णोद्धारातले आहे. कॉटमन तिथे बसला तेव्हा ते नव्हते. म्हणजे आपल्या लेखाच्या माथ्यावर जे चर्च छापले ते लेखकाने प्रवासात पाहिलेच नसणार, निदान त्या रूपात नाही. मी स्वतः चित्र हातात घेऊन त्या भिंतीसमोर उभा राहिलो तेव्हा दारावरची नक्षी लगेच ओळखू आली, आणि मग नजर वर नेली तर मनोरा अनोळखी. जीर्णोद्धाराआधीची स्थिती दाखवणारा पुरावा म्हणून या पत्र्याची किंमत मोठी आहे, आणि ती किंमत फक्त साल दिल्यानेच वाचकाच्या हाती लागते.

नॉरफकमध्ये मध्ययुगीन चर्चे साडेसहाशेहून अधिक आहेत. लोकरीच्या व्यापाराने एके काळी तो भाग श्रीमंत होता, गावोगाव चर्चे उठली, मग गावे आटली आणि चर्चे राहिली. दक्षिण नॉरफकमध्ये हेल्स आणि हेकिंगम ही दोन चर्चे एकमेकांपासून पायी जाण्याच्या अंतरावर आहेत, दोन्ही गवताने शाकारलेली, दोन्हींना गोल मनोरे, दोन्हींची नॉर्मन दारे कोरीवकामाने भरलेली, आणि दोन्ही ठिकाणी आता नियमित उपासना होत नाही. वापरातून गेलेली चर्चे सांभाळण्यासाठी १९६९ मध्ये स्थापन झालेल्या विश्वस्त संस्थेकडे ती आहेत. हेकिंगमचे दार कॉटमनने आपल्या संग्रहात केले आहे. गोल मनोऱ्यांची चर्चे त्या एका परगण्यात सव्वाशेच्या आसपास आहेत. तिकडच्या जमिनीत चकमकीचे गोटे मिळतात, कोपऱ्याला लावायला चौकोनी घडीव दगड मात्र मिळत नाही, म्हणून बिनकोपऱ्याचा मनोरा, असे त्याचे एक कारण सांगितले जाते. मुलीच्या गाडीतून आम्ही एका दुपारी हेल्सला गेलो होतो. शेताच्या मध्ये एकटे उभे असलेले ते चर्च, आत कुणी नाही, दार उघडेच. अशा ठिकाणाला ‘एका खेड्यातील’ म्हणून मोकळे होणे मला तरी जमणार नाही.

दुसरी गोष्ट डाव्या-उजव्याची. पत्र्यावर जे काढले ते छाप्यात आरशातल्यासारखे उलटे येते. म्हणून समोर पाहून थेट पत्र्यावर काढले तर गावातली डावीकडची विहीर छाप्यात उजवीकडे जाते. काळजी घेणारा कलावंत आधीच उलटे काढतो. माझ्या विद्यार्थ्यांना मी प्रेसशेजारी एक जुना आरसा भिंतीला टेकवून दिला होता. एकोणिसाव्या शतकातल्या व्हिसलर या अमेरिकन चित्रकारासारखे काही या भानगडीत पडलेच नाहीत, आणि त्याच्या व्हेनिसच्या एचिंगांत शहर उलटे दिसते. चर्चच्या बाबतीत हे ओळखायची एक सोपी युक्ती आहे. इंग्लंडमधली जुनी चर्चे पूर्व-पश्चिम बांधलेली, वेदी पूर्वेला, मनोरा बहुधा पश्चिमेला आणि देवडी बहुधा दक्षिणेला. तेव्हा देवडीच्या बाजूने पाहिले तर मनोरा डाव्या हाताला यायला हवा. तो उजवीकडे असेल तर चित्र उलटे आहे का, हे तपासावे. दक्षिणेच्या भिंतीवर देवडीजवळ कित्येकदा दगडात खरवडलेली लहान छायाघड्याळेही असतात, ती दिसली तर शंका मिटते. कॅसल रायझिंगची पश्चिमेची भिंत समोरासमोर काढलेली आणि दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखी असल्यामुळे तिथे उलटसुलट झाले तरी सहज कळणार नाही. पान लावताना चित्र आरशातल्यासारखे फिरवण्याची जी सवय हल्ली सर्वत्र दिसते, तिला आळा घालणारी एकमेव गोष्ट म्हणजे चित्राखालची अक्षरे. ती उलटी झाली की कुणाच्याही लक्षात येते. ती अक्षरेच कापली तर मग काय उरले?

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, असे प्रत्येक चर्च खरे असतेच असे नाही. फ्रेडरिक ग्रिग्ज हा १८७६ मध्ये जन्मलेला एचिंगकार विसाव्या शतकाच्या आरंभी कॉट्सवोल्ड भागातल्या चिपिंग कॅम्पडन गावी जाऊन राहिला, पुढे त्याने स्वतःची प्रेस बसवली आणि १९३८ मध्ये तिथेच वारला. त्याने जेमतेम सत्तावन्न एचिंगे केली. त्यांतली चर्चे, मठ, दगडी पूल आणि मनोरे इतक्या बारकाईने केलेले आहेत की पाहणारा नकाशात गाव शोधू लागतो. पण त्यांतली कित्येक गावे कुठेच नाहीत. आठव्या हेन्रीने १५३६ ते १५४० या काळात मठ मोडले नसते तर इंग्लंड कसे दिसले असते, त्याची ती स्वप्ने आहेत. एका पत्र्याचे नावच त्याने ‘हरवलेला इंग्लंड’ अशा अर्थाचे लॅटिनमध्ये ठेवले. त्याच्या पाठोपाठ ग्रॅहॅम सदरलंड हा इंग्रज चित्रकार आणि त्याचे मित्र विद्यार्थिदशेत अशाच एचिंगांकडे ओढले गेले, १९२० च्या दशकात या चित्रांना भाव आला, आणि १९२९ च्या आर्थिक कोसळणीने तो बाजार एका झटक्यात संपला. सदरलंड पुढे रंगचित्रांकडे गेला. कॉटमनचे चर्च आणि ग्रिग्जचे चर्च वृत्तपत्राच्या कागदावर शेजारी शेजारी छापले तर दोन्ही ‘इंग्लंडमधील खेड्यातील चर्च’च वाटतील. एक आहे त्या जागी जाऊन केलेली नोंद, दुसरे आहे जे कधीच नव्हते त्याचे चित्र. खालची ओळच हा फरक सांगू शकते, चित्र स्वतःहून सांगत नाही.

हे इंग्लंडपुरते नाही म्हणून आणखी एकच उदाहरण देतो. गेल्या वर्षी आपल्याच पुरवणीत वेरूळच्या लेण्यांचे एक जुने चित्र असेच ‘रेखाचित्र’ म्हणून आले होते. जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार १७९१ मध्ये मुंबईत आला, पुण्यात सवाई माधवरावांच्या दरबारात त्याने चित्रे केली, लेण्यांच्या अभ्यासात त्याला गंगाराम तांबट या मराठी चित्रकाराची साथ होती, आणि १७९५ मध्ये वेल्स इथेच वारला. त्याच्या वेरूळच्या चित्रांवरून टॉमस डॅनियलने लंडनमध्ये १८०३ साली चोवीस दृश्यांचा संच छापला, तोही तांब्याच्या पत्र्यांवरून, ॲक्वाटिंट या एचिंगच्याच प्रकाराने. त्यात राळेची बारीक पूड पत्र्यावर चिकटवून ॲसिडने दाणेदार सावली खाल्ली जाते. म्हणजे वेल्सने लेण्यासमोर पाहिले ते, आणि लंडनमध्ये पत्र्यावर उतरले ते, यांच्यामध्ये एक माणूस, एक समुद्र आणि आठ वर्षे आहेत. ‘रेखाचित्र’ म्हटल्यावर वाचकाला वाटते की चित्रकार कैलास लेण्यासमोर बसून कागदावर हेच काढत होता.

आपल्याकडे जागा कमी असते हे मी जाणतो. म्हणून माझी विनंती मोजकी आहे. जुने छापील चित्र देताना त्याची कड, म्हणजे पत्र्याचा दाब आणि खालची अक्षरे, शक्य तिथे ठेवावी; मूळ शाईचा रंग बदलू नये; आणि ओळीत जागेचे नाव, माध्यम आणि करणाऱ्याचे नाव द्यावे. आपली मूळ ओळ सहा शब्दांची होती. ‘सेंट लॉरेन्स चर्च, कॅसल रायझिंग, नॉरफक, एचिंग, जॉन सेल कॉटमन’ हे दहा शब्द होतात. चार शब्दांचीच काय ती वाढ. एचिंग हा शब्द परका वाटत असेल तर अम्लरेखन वापरावा, माझी हरकत नाही. आमच्या वर्गात मात्र तो शब्द फक्त परीक्षेच्या पेपरात यायचा.

सोबत माझ्या प्रतीचा फोटो जोडला आहे, चारही कडांसह. डाव्या बाजूला वरती एक तपकिरी डाग दिसेल तो दमटपणाचा आहे, चित्रातला नाही. खालच्या अक्षरांसह छापता आला तर छापावा, आणि डाग तसाच राहू द्यावा.

आपला,
एक निवृत्त मुद्राचित्रण शिक्षक, पुणे